बीएमआय ३१ आणि ‘बिफोर-आफ्टर’ची रील: वेट लॉस सर्जरीच्या टक्केवारीमागचं गणित

फोनवर एकदा बीएमआय कॅल्क्युलेटर उघडून बघा. पुढचे दोन आठवडे तुमच्या फीडमध्ये स्लीव्ह सर्जरी, बायपास, ‘नो कॉस्ट ईएमआय’ आणि ‘९० टक्के एक्सेस वेट लॉस’ असल्या जाहिरातींची रांग लागते. जाहिरातीचा अल्गोरिदम तुमचं वजन बघत नाही, तुम्ही काय शोधलं ते बघतो. म्हणून बीएमआय ४५ असलेल्या माणसाला जी रील दिसते, तीच बीएमआय ३१ असलेल्यालाही दिसते. खरी गडबड इथूनच सुरू होते.

माझ्या टीममधल्या एका मुलीने मला अशीच एक रील पाठवून विचारलं, “हे माझ्यासाठी आहे का रे?” वय २६, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, म्हणजे बीएमआय साधारण ३१. शुगर नाही, बीपी नाही. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्जरी करावी की नाही हे मी सांगू शकत नाही. पण जाहिरातीतला आकडा कुठून येतो, हे उलगडून नक्की दाखवता येतं.

आधी, हा विषय आत्ताच एवढा का गाजतोय?

१९९१ पासून जगभर एक नियम चालत आला होता: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार, तरच वजनाची सर्जरी. २०२२ मध्ये अमेरिकेतली आणि आंतरराष्ट्रीय अशा या क्षेत्रातल्या सर्जन्सच्या दोन मोठ्या संघटनांनी तो बदलला. आता ३५ च्या वर आजार असो-नसो सर्जरीची शिफारस आहे. ३० ते ३४.९ मध्ये डायबेटिससारखा मेटाबॉलिक आजार असेल, किंवा बाकीच्या उपायांनी टिकाऊ फरक पडला नसेल, तर तिचा विचार करता येतो. आणि आशियाई लोकांसाठी हा पर्याय २७.५ पासूनच पुढे ठेवावा, असं त्यात म्हटलंय.

आशियाई लोकांसाठी वेगळा आकडा का? कारण त्याच बीएमआयला आपल्या शरीरात, विशेषतः पोटाभोवती, चरबी जास्त असते आणि डायबेटिस लवकर गाठतो. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्येच आपल्यासाठी मर्यादा खाली आणली होती: आजार असेल तर ३२.५, नसेल तर ३७.५.

म्हणजे दरवाजा उघडलाय, आणि त्यामागे वैद्यकीय कारणं आहेत. पण आत गेल्यावर काय मिळणार, याची अपेक्षा मात्र जुन्याच फोटोंवरून बांधली जाते.

एकच सर्जरी, दोन टक्केवाऱ्या

आता गणित करू. १६५ सेंटिमीटर उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६८ किलो. त्याच्या वरचं सगळं ‘एक्सेस’, म्हणजे जादा वजन. समजा दोघी आहेत, उंची सारखीच.

• पहिली १२२ किलो, बीएमआय ४५. जादा वजन ५४ किलो.
• दुसरी ८४ किलो, बीएमआय ३१. जादा वजन १६ किलो.

समजा दोघींचं एकूण वजनाच्या २० टक्के वजन उतरलं. पहिलीचे २४.४ किलो गेले, दुसरीचे १६.८ किलो. आता हेच आकडे ‘एक्सेस वेट लॉस’मध्ये मांडा. पहिलीचा निकाल येतो ४५ टक्के आणि दुसरीचा १०५ टक्के!

जिचे किलो कमी गेले, तिचा निकाल दुपटीहून मोठा दिसतोय. जादू काही नाही, भागाकारातला खालचा आकडा लहान आहे. हे मोजमाप खोटं नाही, डॉक्टर ते वर्षानुवर्षं वापरत आलेत. पण कमी बीएमआयच्या माणसाला ते दाखवलं की सर्जरी शंभर टक्के यशस्वी वाटते.

आणि शेजारी फोटो कोणाचा असतो? जिचे ५० किलो गेले तिचा. म्हणजे टक्केवारी कमी बीएमआयची आणि फोटो जास्त बीएमआयचा. ८४ किलोच्या मुलीचे ५० किलो गेले तर उरणार ३४. असा निकाल कोणत्याही शहाण्या डॉक्टरला नकोच असेल.

म्हणून विचारायचा प्रश्न एकच: “माझ्या एकूण वजनाच्या किती टक्के, आणि किती वर्षांनी?” कारण पहिल्या दीड-दोन वर्षांत वजन सगळ्यात खाली जातं, नंतर अनेकांचं थोडं परत येतं.

२० टक्के हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या ‘स्टॅम्पीड’ या अभ्यासात बीएमआय २७ ते ४३ असलेले डायबेटिसचे पेशंट होते. पाच वर्षांनी बायपासवाल्यांचं वजन सरासरी २३ टक्के आणि स्लीव्हवाल्यांचं १९ टक्के कमी होतं. फक्त औषधांवर असलेल्यांचं ५ टक्के.

मग कमी बीएमआयला फायदा कशात?

याचं उत्तरही त्याच अभ्यासात आहे. पाच वर्षांनी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ६ किंवा त्याखाली किती जणांची होती? औषधवाल्यांमध्ये ५ टक्के, स्लीव्हमध्ये २३ आणि बायपासमध्ये २९ टक्के. हा फरक मोठा आहे. कमी बीएमआयच्या सर्जरीमागचं सगळ्यात भक्कम कारण डायबेटिस आहे. लग्नाच्या अल्बममध्ये बारीक दिसणं हे कारण या अभ्यासात कुठेच नव्हतं. शिवाय हेही बघा, सर्जरीनंतरही दहापैकी सात जण त्या रेषेच्या वरच राहिले.

फायदा लहान होतो, किंमत तेवढी होत नाही

बीएमआय कमी असेल तर कमी होणारे किलो कमी. पण सर्जरी अर्धी होत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात, तो परत जोडता येत नाही. काहींना ॲसिडिटीचा त्रास सुरू होतो किंवा वाढतो. बी१२, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभर मागे लागतात. मुलींना सर्जरीनंतर साधारण १२ ते १८ महिने गरोदरपण टाळायला सांगतात. हे सगळं ८४ किलोलाही तसंच लागू.

खिशाचंही तसंच. आयआरडीएआयने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे हेल्थ पॉलिसीत ही सर्जरी बीएमआय ४० ला, किंवा ३५ ला ठरावीक गंभीर आजार असतील तर धरली जाते. तुमच्या पॉलिसीत ‘ओबेसिटी/वेट कंट्रोल’ हा मुद्दा शोधा, तिथे लिहिलेलं असेल. म्हणजे सर्जन्सच्या नियमात २७.५ आणि इन्शुरन्सच्या नियमात ३५ किंवा ४०. मधल्या पट्ट्यातल्या माणसाचा क्लेम बहुधा अडणार, आणि ईएमआयची जाहिरात नेमकी त्यालाच दिसणार.

इंजेक्शनं आल्यावर?

२०२५ मध्ये भारतात मार्चला मौंजारो आणि जूनला वेगोवी आलं. मोठ्या चाचण्यांमध्ये वेगोवीने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के, तर मौंजारोच्या सगळ्यात मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन उतरलं. कमी बीएमआयला सर्जरीचं उत्तर याच्या आसपासच असेल, तर तुलना व्हायलाच हवी. पण वेगोवीच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं. म्हणजे इथे खर्च दर महिन्याचा आहे, आणि हेही डॉक्टरांशिवाय घ्यायचं औषध नाही.

कन्सल्टेशनला जाण्याआधी फोनच्या नोट्समध्ये हे लिहून ठेवा

१. माझ्या बीएमआयच्या, माझ्यासारख्या पेशंटचं पाच वर्षांनी एकूण वजन किती टक्के कमी राहतं? किलोत सांगा.
२. माझ्या बाबतीत सर्जरीचं वैद्यकीय कारण कोणतं? शुगर, लिव्हर, झोपेतला श्वास, की फक्त वजन?
३. आधी आहारतज्ज्ञ आणि औषधं यांना किती महिने दिले?
४. गोळ्या, तपासण्या आणि फॉलो-अपचा वर्षाचा खर्च किती?
५. इन्शुरन्सचं उत्तर लेखी मिळेल का?

माझ्या सहकारी मुलीला मी हीच यादी पाठवली, आणि तिच्याच आकड्यांचं गणित: ८४ किलोचे ६७ च्या आसपास, तेही पाच वर्षं टिकले तर. तिने आधी एंडोक्रायनोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीये. पुढचा निर्णय तिचा. तुमचं गणित करायचं असेल तर मीटरमधल्या उंचीचा वर्ग करून २५ ने गुणा, म्हणजे ‘जादा’ वजनाची रेषा मिळेल. पुढच्या वेळी रीलवर ९० टक्के दिसलं, की ते कशाच्या ९० टक्के आहेत हे त्यावरून काढता येईल.