आधी साहेबाला ट्रेनिंग द्या

गोदीत लागलो त्या दिवशी मला ट्रेनिंग मिळालं. मुकादम म्हणाला, "वर माल लटकत असला की खाली उभा राहू नको. बाकी हळूहळू कळेल." बस्स. एकच वाक्य, पण कामाचं. त्या वाक्यावर आजवर जिवंत आहे. मी ठेकेदाराचा माणूस, सरकारी नोकर नाही. दहावी पास, म्हंजे जुन्या भाषेत मॅट्रिक. पाळी सुटल्यावर कविता लिहितो. तरी आज सरकारी नोकरांच्या ट्रेनिंगवर लिहितोय. कारण माझी आई.

आई एका नगरपालिकेत झाडूवर आहे. तीही ठेकेदाराकडेच. मागे एकदा त्यांचं प्रशिक्षण झालं. हॉल, बॅनर, चहा-बिस्किट. साहेबाने पडद्यावर चित्रं दाखवली, 'स्वच्छता हीच सेवा' समजावून सांगितली. पिढ्यानपिढ्या झाडू मारणाऱ्या बायांना! मग सगळ्यांना हातमोजे दिले, फोटो काढला आणि हातमोजे मोजून परत घेतले. आईने हात वर केला. म्हणाली, "साहेब, गटाराचं झाकण उघडल्यावर आत गॅस आहे का नाही, ते कसं वळखायचं?" साहेब म्हणाला, "तो विषय आजच्यात नाही, बाई." रजिस्टरवर सही झाली. पगाराच्या दिवशी कळलं, त्या अर्ध्या दिवसाचा खाडा पडलाय.

दोस्तांनो, तो विषय कधीच आजच्यात नसतो. मैला उचलायला लावणाऱ्यांविरुद्ध १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे ३० लाख केले. मरणाचा दर वाढला. जिवंत राहायचं शिकवायला मात्र हॉलमध्ये वेळ नव्हता.

आता वरची गंमत बघा. २ सप्टेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मिशन कर्मयोगी' मंजूर केलं. केंद्राचे सुमारे ४६ लाख कर्मचारी, पाच वर्षांसाठी ५१० कोटी ८६ लाख रुपये. मोबाईलवर कोर्स करायचा, सर्टिफिकेट घ्यायचं, वर 'कर्म पॉइंट' मिळवायचे. नाव कुठून उचललं ते सांगायला नको. कर्म करा, फळाची आशा धरू नका.

साला, हे आम्हाला शिकवता? फळाशिवाय कर्म करण्यात आमच्या पणज्यापुढे कोण टिकेल? वतनदार महार हा सरकारचाच नोकर होता. १८७४ च्या वतन कायद्याने त्याला बांधून टाकलेला. रात्र नाही, दिवस नाही. तो हजर नसला तर त्याच्या घरच्याला जुंपायचे. मोबदला काय, तर तुकडाभर जमीन आणि दारोदार मागितलेलं बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. ती वतनं मोडणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. असला अस्सल कर्मयोगी. पण त्याला एका तरी पॉइंटची बढती मिळाली?

या मिशनचं एक ब्रीद आहे. कारभार 'नियमाधारित' नको, 'भूमिकाधारित' हवा. ऐकायला झकास. पण जरा थांबून विचार करा. भूमिका हा शब्द आमच्या कानाला नवा नाही. ज्याने त्याने आपापल्या भूमिकेत राहावं, याच्यावर तर गावाची वेस उभी होती. आमच्या बापाची भूमिका जन्माआधीच ठरलेली. आम्हाला त्यातून बाहेर काढलं ते नियमांनी. घटनेच्या १७ व्या कलमाने, बिंदुनामावलीने, १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने. नियम हीच आमची जमीन. साहेबलोकांना नियमाचा जाच वाटत असेल, आम्हाला त्याचाच आधार आहे.

आणि शिकून पुढे काय? १९१७ चं बडोदं आठवा. बाबासाहेबांएवढं ट्रेनिंग घेतलेला सरकारी नोकर या देशात दुसरा कोण होता? महाराजांची शिष्यवृत्ती, कोलंबिया विद्यापीठ, नंतर लंडन. करारच होता, शिकून आल्यावर संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची. आले, हजर झाले. चपराशी लांबून फाइली फेकू लागले. कचेरीत प्यायला पाणी मिळेना. राहायला जागा मिळेना. पारशाच्या धर्मशाळेतून सोटे घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. अकराव्या दिवशी.

म्हंजे त्या कचेरीत शिकलेला कोण होता आणि अडाणी कोण? ट्रेनिंगची गरज कुणाला होती? शंभर वर्षं उलटून गेली, तरी आपण अजून म्हणतोय की दलित पोराची 'क्षमता वाढवा'. फाइल फेकणाऱ्या हाताची क्षमता कोण तपासणार?

आपल्यातले काही पोरं म्हणतील, ट्रेनिंग हे सगळं ढोंग, त्याला लाथ मारा. मला नाही पटत. ज्ञान नाकारूनच तर आपल्याला मारलं. माझ्या आईला गॅसचं ज्ञान पाहिजे. मला क्रेन चालवायचं पाहिजे. शिपायाच्या पोराला कारकुनी आणि कारकुनाला हिशेबतपासणी आली पाहिजे. पण शिकल्यावर वर जायचा जिनाच काढून घेतला तर? राज्याचा पदोन्नतीतल्या आरक्षणाचा २००४ चा शासन निर्णय मुंबई हायकोर्टाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द केला. ७ मे २०२१ ला सरकारने पदोन्नतीच्या सगळ्या जागा सेवाज्येष्ठतेने भरायचा आदेश काढला. सर्टिफिकेट भिंतीवर, माणूस त्याच खुर्चीत.

आणि आपले साहेब? तेही मसुरीला जातात, पुण्याला यशदात बसतात. खोटं कशाला बोलू, काहीजण तिथून परत येतात ते भाषा बदलून येतात. वस्तीतला माणूस केबिनबाहेर उभा असला की त्यांना मीटिंग आठवते. हेही ट्रेनिंगच म्हणायचं. सगळे तसे नाहीत. पण जे तसे आहेत त्यांना हा अंक नेऊन द्या.

माझं म्हणणं साधं आहे. प्रशिक्षण खालून सुरू करा. झाडूवाली, गटारात उतरणारा, ठेकेदाराचा माणूस, सगळे त्यात घ्या आणि त्या दिवसाचा पुरा पगार द्या. कामाचा धोका आधी शिकवा, सुविचार नंतर. वरच्यांना अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं चौथं कलम तोंडपाठ करायला लावा. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला लोकसेवक जाणूनबुजून कर्तव्यात हयगय करील तर सहा महिने ते एक वर्ष कैद. किती फौजदारांना हे कलम कर्म पॉइंटसाठी तरी पाठ आहे?

आणि एक दिवस शिकवायला माझ्या आईला बोलवा. साहेब खाली बसतील, आई माईकवर. ती पहिला प्रश्न तोच विचारील, आत गॅस आहे का नाही ते कसं वळखायचं? उत्तर येत नसेल त्याने त्या दिवशी रजिस्टरवर सही करू नये. त्याचा खाडा लावा.

जय भीम.