मागच्या दांड्याचा अभिमान

मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असावीत, की प्रत्येक चाक आपापलं मोकळं? अमेरिकेतल्या फोर्ड मस्टँगवाल्यांनी या प्रश्नावर पिढ्यान् पिढ्या डोकी फोडली. 1964 ते 2014 फोर्डने जवळपास सगळ्या मस्टँग अखंड ॲक्सलवरच विकल्या. जॅग्वारच्या ई-टाइपला मागे प्रत्येक चाकाचं स्वतंत्र सस्पेन्शन 1961 मध्येच होतं, कॉर्व्हेटला 1963 मध्ये आलं. तेव्हा फोर्डला ते जमत नव्हतं, असं कोणी म्हणू नये. खर्च नको होता, एवढंच.

ॲक्सलचा यात काही दोष नाही. पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत क्लच सुटताच सगळा जोर मागे येतो, तिथे हा जाडजूड दांडा निमूटपणे मार खातो. स्वतंत्र सस्पेन्शनचे रबरी बुश त्याच क्षणी पिळतात, सुटतात, पुन्हा पिळतात आणि चाकं थडथड उडू लागतात. 1999 च्या मस्टँग कोब्राला फोर्डने स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, तेही जुन्या ॲक्सलच्याच बोल्टांवर बसेल असं. ड्रॅगवाल्यांपैकी कित्येकांनी ते काढून टाकलं आणि पुन्हा दांडा चढवला. त्यांचं बरोबरच होतं.

पण मस्टँग घेणारे सगळेच काही ड्रॅग शर्यतीला जात नाहीत. अखंड ॲक्सलवर वळणात एका चाकाखाली खड्डा आला की दुसरंही कलतं. डिफरन्शियलचं धूड स्प्रिंगांच्या वर नाही, खाली. त्यामुळे तेही चाकांबरोबर उसळतं आणि गाडीचं ढुंगण बाजूला सरकतं. 2013 च्या शेल्बी जीटी 500 मस्टँगमध्ये 662 अश्वशक्ती होती, आणि ॲक्सल तोच! गुळगुळीत ट्रॅकवर 2012 ची मस्टँग बॉस 302 बीएमडब्ल्यूच्या एम3 शी टक्कर देत होती, हे खरं. पण ते श्रेय त्या ॲक्सलवर राबलेल्या इंजिनिअरांचं. काटकसरीला परंपरा म्हणायचं, वर मर्दानी बाणा म्हणून मिरवायचं, याची मात्र गंमत वाटते. कंपनीने ते खपवलं आणि गिऱ्हाइकांनी छातीवर लावलं.

2015 मध्ये सगळ्याच मस्टँगना स्वतंत्र सस्पेन्शन आलं. ‘आता ही मस्टँग राहिली नाही’ म्हणणारे थोड्याच दिवसांत गप्प झाले. जुन्या वळणाच्या नॅसकारच्या मुख्य शर्यतमालिकेनेही 2022 मध्ये दांडा सोडला. याच नव्या मस्टँगवरून फोर्डने निव्वळ ड्रॅगसाठी कोब्रा जेट बांधली, तिला मात्र अखंड ॲक्सलच दिला.