बिनलेबलाची बाटली

गोठ्याच्या कोनाड्यात एक प्लॅस्टिकची बाटली सापडते. तिच्यावर कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, मुदतीची तारीख नाही. 'पान्ह्याचं इंजेक्शन' एवढीच तिची ओळख. आत ऑक्सिटोसिन किती आणि ते निर्जंतुक आहे का, याचं उत्तर द्यायला कुणी बांधील नाही. कायद्यानं हे इंजेक्शन एकेका मात्रेच्या ब्लिस्टर पॅकमध्ये आणि चिठ्ठीवरच मिळायला हवं. शिवाय जनावरांच्या औषधावर जनावराच्या डोक्याचं चित्र आणि 'माणसांसाठी नाही' ही सूचना छापणं सक्तीचं आहे.

यावर केंद्र सरकारनं २७ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनं भलताच इलाज केला. देशात वापरायचं ऑक्सिटोसिन खासगी कंपन्यांनी बनवायचंच नाही, फक्त सरकारी कंपनीनं बनवायचं. म्हणजे बाटलीवर नाव-पत्ता छापणाऱ्यांवर कुऱ्हाड! ज्यांनी परवाना कधी घेतलाच नाही, त्यांचं बंदीनं काय बिघडणार होतं? आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरायला आधी हेच औषध लागतं. तो एक कारखाना अडला असता, तर आडगावच्या बाळंतिणीनं कुणाकडे बघायचं? १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं ही अधिसूचना मनमानी ठरवून रद्द केली, ते योग्यच झालं.

पण बाटली गोठ्यात येते कशी, हेही पाहायला हवं. नर रेडकाला दूध पाजणं परवडत नाही, ते मरतं आणि म्हैस पान्हवत नाही. मग सुई. त्या सुईनं दूध वाढत नाही, कासेत साठलेलं तेवढं सुटतं. कास धुऊन, सड चोळून, पुढ्यात आंबोण ठेवून धीरानं पान्हवता येतं. पण शहरातल्या तबेल्यात एकेका गड्याकडे इतक्या म्हशी असतात की तेवढा वेळ कुणी देत नाही. दूध वाढवण्यासाठी अपायकारक इंजेक्शन देणाऱ्याला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

खटला गोठेवाल्यापाशी थांबू नये, एवढीच माझी मागणी आहे. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी बाटली जप्त करावी, नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि विकणाऱ्याकडून माग काढत ती भरणाऱ्याच्या दारापर्यंत जावं. ऑक्सिटोसिनचा कच्चा माल कोणत्या कारखान्यातून किती निघाला आणि कुणाकडे पोचला, याच्या वह्या दरवर्षी तपासाव्यात.