दिसत नाही, हीच राखण

टिटवी घरटं बांधत नाही. माळावर, पडीक रानात खळगा करते, खडे गोळा करते अन् मातीच्या रंगाची ठिपकेदार तीन-चार अंडी घालते. उन्हाळ्यात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते, अंडी गार ठेवते. तिला कुंपण नाही, दार नाही. अंडी दिसत नाहीत, एवढीच राखण. औताच्या वाटेत खळगा आला तर तेवढी जागा सोडून औत वळवायचं, हे आम्हाला बापानं शिकवलं.

आता मोठ्या कॅमेऱ्याची मंडळी येतात. गेल्या उन्हाळ्यात एकानं खळग्याभोवतीचं वाळकं गवत उपटलं. म्हणाला, "काका, फोटो स्वच्छ येतो." टिटवी डोक्यावर ओरडत राहिली. पाहुणा गेला अन् दुपारपर्यंत कावळ्यानं अंडी नेली. त्यालाही स्वच्छच दिसलं!

रातवा दिवसा डोळे मिटून पाचोळ्यात पाचोळा होऊन बसतो. त्याला ढेकूळ मारून उडवायचं अन् वर पक्षीप्रेमी म्हणवून घ्यायचं?

फोटो जरूर काढा. पण लांबून काढा, गवताला हात लावू नका, जागा गावभर सांगू नका. फोटोत पक्षी शोधावा लागला, तर लागू द्या. रानात आम्हालाही शोधावाच लागतो.