धरणाकाठचे मैलापाणी आणि त्याची किंमत

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत हातापायांतील बळ अकस्मात गेलेले रुग्ण रुग्णालयांत दाखल होऊ लागले. पुणे परिसरातील अशा संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. जंतुसंसर्गाशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, असे या गुइलेन-बॅरे विकाराचे स्वरूप आहे. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि संशय पाण्यावर आला.

हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यांत सहज नांदतो. म्हणून खडकवासल्याच्या परिसरातील कुक्कुटपालकांकडे लगेच बोट दाखवले गेले. त्यांची तपासणी व्हावी, याविषयी दुमत नाही. परंतु कंत्राटी पद्धतीत पिल्ले आणि खाद्य कंपनीचे, शेड शेतकऱ्याचे आणि विष्ठेची जबाबदारीही त्याचीच, ही वाटणी कोणी ठरवली, हेही विचारावयास हवे. शिवाय पाणलोट क्षेत्रात घाण करणारा तो एकटा नाही. धरणाच्या काठाने बंगले, फार्महाऊस आणि हॉटेले उभी राहिली आहेत. काठच्या गावांना भुयारी गटारे नाहीत. शोषखड्डे भरून वाहिले की पहिल्या पावसाबरोबर सारे ओढ्यांतून जलाशयात उतरते. ग्रामपंचायतीजवळ पैसा नाही, हे खरे. शनिवार-रविवारी पाहुण्यांनी भरणाऱ्या हॉटेलमालकाला मात्र तसे म्हणता येणार नाही.

पाण्यात ई. कोलाय आढळला की विष्ठा मिसळली एवढे कळते. ती माणसाची की जनावराची, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. या संदिग्धतेचा लाभ सर्वांनाच होतो. जलाशय पाटबंधारे खात्याचा, काठावरील बांधकामे महानगर प्रदेश प्राधिकरणाच्या कक्षेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, पुरवठा महापालिकेचा! आजार तेवढा रहिवाशांचा.

नांदेड आणि किरकटवाडी ही गावे २०२१ साली महापालिकेत आली. शहरासाठी हेच पाणी जलशुद्धीकरण केंद्रांत गाळले जाते. या गावांना मात्र साथीच्या वेळीही धरणाचे पाणी एका विहिरीत घेऊन, न गाळता, केवळ क्लोरीन मिसळून दिले जात होते. गढूळ पाण्यातील सेंद्रिय द्रव्य क्लोरीन खाऊन टाकते. नळापर्यंत तो पुरेसा उरेलच याची शाश्वती नसते. गाळणी केंद्राचा खर्च अंदाजपत्रकात दिसला नाही म्हणून तो वाचला, असे समजणे हा हिशेबाचा भ्रम आहे. तो टँकरच्या बिलात, घरोघरच्या शुद्धीकरण यंत्रात आणि अखेर अतिदक्षता विभागात भरला गेला. ज्यांच्याजवळ यंत्र घेण्याची ऐपत नव्हती, त्यांना दुसरा पर्यायच नव्हता.

पुणेकरांनी येथे आपल्या खालच्या अंगाकडेही पाहावे. शहराचे मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तेथून उजनी जलाशयात जाते. तेच पाणी सोलापूर पिते. धरणाकाठचा हॉटेलमालक शहराशी जे करतो, तेच शहर सोलापूरशी करीत आले आहे.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात सांडपाणी सोडणाऱ्यावर कारवाईचे अधिकार आहेतच. तेव्हा कार्यकर्त्यांनी मागणी नेमकी करावी: पाणलोट क्षेत्रातील प्रत्येक हॉटेल आणि वसाहतीच्या सांडपाण्याची नोंद जाहीर व्हावी, आणि ओढ्यांच्या मुखाशी घेतलेल्या नमुन्यांचे आकडे दरमहा ग्रामपंचायतीच्या व प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागावेत. पहिला फलक पावसाळ्यापूर्वीच लागला पाहिजे.