गाठ वाढली का? उत्तर फिल्ममध्ये नाही, सीडीत आहे

आमच्या बाह्यरुग्ण विभागात गंगाखेड, पालम, जिंतूरकडचे रुग्ण येतात ते पिशवी घेऊनच. आत गुंडाळलेल्या एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या फिल्म. मध्यंतरी एक मुलगा आईची अशीच पिशवी घेऊन आला. आईच्या मेंदूत लहान गाठ; ऑपरेशन न करता लक्ष ठेवा, असा सल्ला मिळालेला. सहा महिन्यांपूर्वीचा एमआरआय एका केंद्रातला, ताजा दुसऱ्या. ‘‘डॉक्टरसाहेब, गाठ वाढली का?’’ एवढेच त्याला हवे होते.

दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. एकीत डोके किंचित कललेले, दुसरीत सरळ. कापांची जाडीही वेगळी. म्हणजे एकाच गाठीचे दोन निरनिराळे काप आम्ही पाहत होतो. यावरून सांगता येत नाही, हेच खरे उत्तर होते.

अशी चित्रे एकमेकांवर बसवण्याच्या कामाला ‘इमेज रजिस्ट्रेशन’ म्हणतात. मेंदू कवटीत बंदिस्त असल्याने संगणकाला सहाच आकडे शोधायचे असतात : तीन दिशांना किती सरकवायचे आणि तीन अक्षांभोवती किती फिरवायचे. सीटी आणि एमआरआय जुळवणे अवघड, कारण सीटीत पांढरे दिसणारे हाड एमआरआयमध्ये काळे असते. त्यावर १९९५च्या सुमारास बेल्जियम आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी तोडगा काढला. छटा सारख्या आहेत का, हे पाहायचेच नाही. एका चित्रातली छटा कळल्यावर दुसऱ्यातली किती खात्रीने ओळखता येते, ते मोजायचे. खात्री सर्वांत जास्त होते तिथे चित्रे जुळली. रेडिएशनचे नियोजन सीटीवर होते, पण मेंदूतल्या गाठीची कड एमआरआयमध्ये स्पष्ट दिसते. जुळणी काही मिलिमीटर चुकली, तर किरण डोळ्याच्या नसेवर जाऊ शकतात.

छाती-पोटात श्वासाबरोबर अवयव हलतात, म्हणून तिथे चित्र रबरासारखे ताणावे लागते. यात एक धोका आहे. सॉफ्टवेअर वाढलेली गाठही दाबून जुन्या मापात बसवू शकते, आणि वाढ दिसतच नाही. जुळवलेले चित्र रेडिऑलॉजिस्टने मूळ चित्रांशी ताडून पाहावेच लागते.

‘थ्रीडी स्लायसर’सारखी साधने संशोधनासाठी मोफत मिळतात, रुग्णालयांत प्रमाणित सॉफ्टवेअर वापरतात. अडते ते मूळ फाइलपाशी. ‘डायकॉम’ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूचे माप, कापाची जाडी, डोक्याची दिशा नोंदलेली असते. फिल्मचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला की हे सगळे गळते. ‘आभा’ खात्याला अहवालाची पीडीएफ जोडली म्हणजे चित्र जोडले गेले, असेही नाही. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; पण रुग्ण नांदेड, संभाजीनगर, मुंबई असा फिरतच राहतो आणि त्याच्या हाती दिली जाते ती फिल्मच. तपासणीचे पैसे भरतानाच सीडी मागा. तो तुमचाच डेटा आहे.

त्या मुलाला ताज्या तपासणीची सीडी मिळाली. पहिल्या केंद्राने जुना डेटा पुसून टाकला होता. न्यूरोसर्जनने आता तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय सांगितला आहे, त्याच केंद्रात.