घाट बंद म्हणजे बंद!

दोस्तांनो, हिमालयात हिमकडा कोसळल्याचा व्हिडिओ आला की आपण ‘बापरे’ म्हणतो आणि पुढचा रील बघतो. मसुऱ्यात कुठला आलाय बर्फ? खरंय. पण बर्फ का सुटतो हे कळलं, तर आपल्या घाटातली दरड का सुटते तेही कळेल.

हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. बर्फाचा वरचा घट्ट थर खालच्या भुसभुशीत थरावर कसाबसा टेकलेला असतो. नव्या बर्फाचं ओझं वाढलं, ऊन तापलं किंवा एखादा गिर्यारोहक त्यावरून चालला, की अख्खी लादीच निसटते. आपल्याकडे बर्फाच्या जागी माती आणि झिजलेला खडक. पाऊस मुरतो, माती जड होते, तिची पकड सुटते. त्यात डोंगराचा पायथा कापलेला असेल तर विचारायलाच नको. मग कधी सुटे दगड निखळतात, कधी उतारच खाली सरकतो, कधी चिखलाचा लोंढा येतो.

३० जुलै २०१४ ला माळीण गाव असंच गाडलं गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. लांबचं वाटतं? २२ जून २००३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, वैभववाडीजवळ, रुळांवर आलेल्या दरडीने कारवारहून मुंबईला निघालेली गाडी घसरली. पन्नासच्या आसपास प्रवासी दगावले.

आज कोकण रेल्वे कटिंगना जाळ्या लावते, पावसात गस्त घालते, गाड्यांचा वेग कमी करते. गाडी लेट झाली की आपण कुरकुरतो. पण त्या उशिरामागे हा धडा आहे.

आणि आपण? कोल्हापूरला जाताना करूळ घाट बंद असला तरी ‘बाइक जाईल रे’ म्हणत बॅरिकेड सरकवतो. आंबोलीत भर पावसात कड्याखाली गाडी लावून सेल्फी काढतो.

यंदा एवढंच करा. वरून बारीक खडे घरंगळू लागले, झाडं-खांब कललेले दिसले, जमिनीला नव्या भेगा पडल्या किंवा झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, तर तिथे थांबू नका. लगेच लांब व्हा आणि ११२ वर कळवा. घाट बंद असेल तर घरी फोन करा, ‘उद्या येतंय’ म्हणून सांगा. एक लेक्चर बुडेल. बुडू दे.